पोटावरच्या पिशवीला ‘धंदा’ म्हणणारा तो मेसेज

‘पिशवी लावून घेऊ नका, दुसऱ्या ऑपरेशनचं बिल काढायचा तो धंदा आहे. आतडं थेट जोडलं की आठ दिवसांत माणूस पूर्ववत. नंतर ताप आला तर घाबरू नका, जखम भरतानाचा असतो. रात्री एरंडेल घ्या, उतरेल.’ व्हॉट्सअॅपवरचा हा मजकूर डिचोलीला माझ्या मावशीपर्यंत पोचला. गुदाशयाच्या कॅन्सरचं तिचं ऑपरेशन तोंडावर आलंय, आणि ती आता पिशवी नको म्हणून बसली आहे. पिशवी म्हणजे, कॅन्सरचा भाग काढून आतडं जोडल्यावर तो जोड भरेपर्यंत मळ पोटावरच्या तोंडातून बाहेर घ्यायची सोय; नंतर छोटं ऑपरेशन करून ते तोंड बंद करतात.

आधी एरंडेलाचं, कारण त्यात जीव जाईल. आतड्याचा जोड सुटला तर मळ पोटात झिरपतो. नाडी धावते, पोट फुगतं, दुखणं कमी होण्याऐवजी वाढतं, ताप येतो. कधी ताप मागाहून येतो, नाडी आधी बिघडते. बहुतेकदा हे पहिल्या आठवड्यात दिसतं, पण घरी गेल्यावरही होऊ शकतं. अशा वेळी जुलाबाचं औषध? १०८ला फोन करायचा आणि जिथे ऑपरेशन झालं तिथे, नाहीतर बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला (गोवा मेडिकल कॉलेज) पोचायचं. सकाळपर्यंत थांबायचंसुद्धा नाही. हे लिहिणाऱ्याने फुटलेल्या जोडाचा पेशंट पाहिला तरी असेल का?

आता ‘धंदा’. स्वीडनमध्ये गुदद्वारापासून सात सेंटिमीटरच्या आत जोड असलेल्या २३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. निष्कर्ष २००७मध्ये छापून आले. पिशवी असलेल्यांत जोड गळून त्रास झाला १०.३ टक्क्यांना, नसलेल्यांत २८ टक्क्यांना. तातडीचं दुसरं ऑपरेशन लागलं ८.६ विरुद्ध २५.४ टक्क्यांना. म्हणजे बिल वाढायची भीती खरी कुठे आहे ते बघा.

एक मात्र मान्य करावं लागेल. पिशवीचा त्रास असतोच. कातडी सोलवटते, लहान आतड्याची असेल तर अंगातलं पाणी-मीठ जातं, मे महिन्यात तर फारच. त्यासाठी ओआरएस, मीठ घातलेली पेज. काहींची पिशवी कायमचीच राहते. जोड वरच्या भागात असेल तर बहुधा ती लागतही नाही. पण हे सर्जनने ठरवायचं, फॉरवर्ड करणाऱ्याने नव्हे.

‘आठ दिवसांत पूर्ववत’ तर साफ खोटं. खालचा जोड असलेल्या पुष्कळांना पिशवी असो-नसो, पुन्हापुन्हा शौचाला जावं लागतं, कळ आली की थोपवता येत नाही. सुधारायला महिने जातात, कधी वर्ष-दोन वर्षं. मावशीला हे आधीच सांगायला हवं.