चांदीचा चमचा, वारूळ आणि रानातली अळंबी

मृगाचा पाऊस चांगला झाला की अळंबी बांधावर दिसायच्या आधी मोबाइलवर दिसते. ‘रानातली अळंबी विषारी की खायची, घरच्या घरी ओळखा, सात खात्रीच्या खुणा’ असा एक मेसेज दर पावसाळ्यात गावोगावच्या ग्रुपवर फिरतो. त्यातल्या खुणा थोडक्यात अशा: शिजवताना चांदी किंवा लसूण काळा पडला, हळदीचा रंग बदलला तर विषारी, वारुळावरची कधीच विषारी नसते, पांढरी चांगली, रंगीत वाईट, किड्यांनी खाल्लेली माणसालाही चालते, कडू लागली तर टाकून द्यावी, मीठ-हळदीच्या पाण्यात उकळली की विष निघून जाते, आणि एवढे करूनही बाधलीच तर तासाभरात उलटी होते, तेव्हा मिठाचे पाणी पाजून पोट साफ करावे. खाली ‘पुढे पाठवा, कुणाचा तरी जीव वाचेल’.

सातपैकी एकाही खुणेच्या भरवशावर अळंबी ताटात घेऊ नये. मात्र ‘अफवा आहे’ एवढे म्हणून भागत नाही. यातली काही वाक्ये अर्धी खरी आहेत आणि माणूस फसतो तो त्या अर्ध्यातच.

‘चांदी, लसूण, हळद रंग बदलतात’

चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी. उकडलेल्या अंड्यात खुपसलेला चांदीचा चमचाही काळा पडतो, म्हणून अंडे कुणी फेकत नाही. लसूण आंबटात कधी कधी हिरवा-निळा होतो, हे लोणचे घालणाऱ्या बाईला विचारा. हळद चुन्याने लाल होते. कुंकू त्यातूनच बनते. अळंबीतले सर्वांत जीवघेणे विष म्हणजे अमॅटॉक्सिन. ते यातल्या कशालाच रंग लावत नाही. प्राणघातक मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण 0.1 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 मिलिग्रॅम. मोहरीच्या दोन-तीन दाण्यांचे वजन. एवढे विष भरल्या पातेल्यात असले तरी चमचा लख्खच निघतो.

‘वारुळावरची कधीच विषारी नसते’

हा मुद्दा झटकून टाकता येत नाही, कारण त्यामागे खरे ज्ञान आहे. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चावून जमिनीखाली स्पंजासारखे पोळे रचते, त्यावर बुरशी वाढवते आणि तीच खाते. पावसाळ्यात त्या बुरशीची छत्री माती फोडून वर येते. तिच्या वंशाचे शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. विदर्भाच्या बाजूला टेकोडे म्हणतात ते हेच. या वंशात विषारी म्हणून ओळखली गेलेली जात नाही, आणि चवीला ती बाजारातल्या बटण मशरूमपेक्षा कितीतरी सरस असते. तिला वाळवीशिवाय वाढवण्याची चालणारी युक्ती अजून सापडलेली नाही, म्हणून ती रानातूनच येते.

चूक पुढे होते. वारूळ हा पत्ता आहे, जात नव्हे. वारुळाच्या मातीवर दुसऱ्या अळंब्याही उगवतात. कोरड्या मुलखात मिटलेल्या छत्रीसारखी, उंच, खवल्यांची पोडॅक्सिस तिथेच येते, आणि शेणखताची माती जवळ असेल तर आणखी कुणीही येऊ शकते. उलट वाळवीचे घर पूर्ण जमिनीखाली असेल तर खरे टेकोडे सपाट रानात निघते आणि वारूळ कुठे दिसतही नाही. म्हणून जागा पाहून नव्हे, खोदून पाहायचे.

खुरपे घ्या आणि देठाच्या चार बोटे लांबून माती सैल करत खाली जा. ओढू नका. वाळवीच्या अळंबीचा देठ जमिनीत संपत नाही. तो उंदराच्या शेपटीसारखा निमुळता होत वाळवीच्या पोळ्यापर्यंत जातो. काही वेळा ही शेपटी हातभर असते आणि मध्येच तुटते, पण ती आहे हे कळायला तेवढे पुरे. छत्रीच्या मधोमध टोकदार, टणक बोंड असते; त्यानेच ती कडक माती फोडते. छत्रीच्या खालच्या बाजूचे पातळ, पानांसारखे पडदे देठाला चिकटलेले नसतात; ते आधी पांढरे आणि मग फिक्या गुलाबी छटेचे होतात. (एका वेळी शेकड्यांनी निघणारी बारीक जातही याच वंशातली. तिला लांब शेपटी नसते, म्हणून नवख्याने ती जाणत्याच्या हातूनच ओळखून घ्यावी.)

खोदण्याचे दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. अमॅनिटा वंशातल्या, अमॅटॉक्सिन असलेल्या प्राणघातक अळंब्यांच्या देठाच्या बुडाला पातळ पांढरी पिशवी असते, अंड्याच्या फुटक्या कवचासारखी. हाताने उपटली की ही पिशवी मातीत राहते आणि घरी येतो तो स्वच्छ, सुंदर, पांढरा देठ. ओळखायची सर्वांत मोठी खूण आपणच रानात टाकून आलेलो असतो. बुडाला पिशवी दिसली तर तिथेच ठेवा. भाताच्या पेंढ्यावरच्या खाण्याच्या अळंबीलाही पिशवी असते हे खरे, पण तो फरक शिकायची जागा आपले ताट नव्हे.

आता ठसा. छत्री देठापासून कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या, त्यावर छत्री पडदे खाली करून ठेवा, वर पाण्याचे दोन थेंब सोडा, पातेले पालथे घाला आणि रात्रभर हलवू नका. सकाळी कागदावर बीजाणूंची, म्हणजे अळंबीच्या सूक्ष्म बियांची, भुकटी पडलेली असते; हाच ठसा. वाळवीच्या अळंबीची फिकट गुलाबी, अमॅनिटाची पांढरी. मळकट हिरवी आली तर ती हिरव्या पडद्यांची क्लोरोफायलम. जगभर पोट बिघडवणाऱ्या अळंब्यांत हिचे नाव वरच असते. ती गवतात, मैदानात, बागेत येते. पांढऱ्या छत्रीवर तपकिरी खवले, देठाला सरकणारे कडे. कोवळी असताना पडदे पांढरेच असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ती हटकून फसवते. ठशाने अळंबी खायची ठरत नाही, कोणती सोडायची ते ठरते. विषारी एंटोलोमाचा ठसाही गुलाबीच पडतो. तिचे पडदे मात्र सहसा देठाला जोडलेले असतात. शेपटी, बोंड, सुटे पडदे, ठसा हे चारही जुळले तरच पुढचा विचार.

‘पांढरी चांगली, रंगीत वाईट’

अमॅनिटातल्या काही अत्यंत जहरी जाती नखशिखांत पांढऱ्या आहेत. या खुणेवर एवढे पुरे.

‘किडे खातात म्हणजे चालते’, ‘कडू असेल तर टाका’

गोगलगायी आणि अळंबीवर वाढणाऱ्या माश्यांच्या अळ्या अमॅनिटा खाऊन जगतात. त्यांची शरीररचना वेगळी. शेळी रुई खाते म्हणून आपण रुईची भाजी करत नाही. चवीचे म्हणाल तर अमॅनिटा खाऊन वाचलेली माणसे ती रुचकर होती असेच सांगतात. ‘जिभेवर ठेवून पाहा’, ‘आधी कुत्र्याला घाला’ हेही याच वर्गातले. कुत्रे मरायला तीन दिवस लागले तर तोवर घरचे जेवून मोकळे.

‘उकळली की विष जाते’

अमॅटॉक्सिन उकळून, तळून, वाळवून किंवा गोठवून नष्ट होत नाही. मीठ-हळद टाकल्याने भाजी चवदार होईल, एवढेच. खात्रीची, खाण्याची अळंबीसुद्धा नीट शिजवलीच पाहिजे हे खरे, कारण कच्ची अनेकांना पचत नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ होऊन हा समज तयार झाला असावा.

इथेच एक गोष्ट, जी मेसेजमध्ये नाही. सोयाबीन-कपाशीच्या बांधावर तणनाशक मारलेले असते, रस्त्याच्या कडेला गाड्यांचा धूर असतो. अळंबी मातीतले जड धातू शोषते. अशा जागची निर्दोष जातही घेऊ नये. तोडलेली प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये, कागदात किंवा टोपलीत आणावी. दोन जाती एकत्र आणू नयेत आणि त्याच दिवशी शिजवावी. दमट पिशवीत दिवसभर राहिलेली चांगली अळंबीही पोट बिघडवते, आणि मग दोष विषाला जातो.

‘आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खातात’ असे मेसेजखाली कुणी तरी लिहितेच. किनवट-माहूरच्या जंगलात जाणती माणसे आहेत, त्यांची नजर खरी आहे. पण ती नजर त्या रानाची आणि त्या दोन-चार जातींची असते. तोच माणूस पुण्यामुंबईत कामाला गेला आणि बागेतल्या गवतात ‘आपलीच’ अळंबी दिसली, तर नजर तीच आणि जात वेगळी. एप्रिल 2022 मध्ये आसामात रानची अळंबी खाऊन 13 जण दगावले. मृतांपैकी बरेच चहाच्या मळ्यांच्या भागातले, म्हणजे रानाला नवखे नव्हेत. मोबाइलच्या अ‍ॅपचेही तसेच. वरून काढलेल्या फोटोत बुडाची पिशवी दिसत नाही आणि ठसाही दिसत नाही. अ‍ॅप अंदाजच सांगते.

‘बाधली तर तासाभरात उलटी होते’

सातांतले सर्वांत घातक वाक्य हे. खाल्ल्यावर अर्ध्या ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले, तर बहुधा ती हिरव्या पडद्यांच्या अळंबीसारखी पोट बिघडवणारी जात असते. हाल होतात, लहान मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर सलाईन लागते, पण बहुतेक जण बरे होतात. अमॅटॉक्सिन मात्र 6 ते 24 तास गप्प बसते. रात्री आठला भाकरीबरोबर भाजी खाल्ली, पहाटे चारला पटकीसारखे जुलाब लागले. घरच्यांना वाटते, पावसाळ्याचे गढूळ पाणी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात, माणूस चहा मागतो, उठून बसतो. याच वेळी यकृताच्या पेशी मरत असतात. तिसऱ्या दिवसापासून डोळे पिवळे, मग ग्लानी, रक्त न गोठणे. म्हणून ‘तासभर झाला, काही झाले नाही’ यातून काहीच सिद्ध होत नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या बऱ्या वाटण्यावर तर मुळीच जाऊ नये. भाजीत दोन जाती मिसळल्या असतील, तर लवकर झालेली उलटीही दिलासा देत नाही.

मिठाचे पाणी पाजू नका. त्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते आणि गुंगीतल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत जाते. ताक, तूप, चिंचेचे पाणी यातले काहीही उतारा नाही.

108 ला फोन करा आणि त्या भाजीतले ज्याने ज्याने खाल्ले त्या सगळ्यांना न्या, ज्याला अजून काही होत नाही त्यालाही. गावच्या दवाखान्यात सलाईन लावून थांबू नका. यकृताच्या तपासण्या आणि अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी जा, मराठवाड्यात असाल तर संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, अंबाजोगाई किंवा नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. डॉक्टरांना तीन गोष्टी लगेच सांगा: किती वाजता खाल्ले, पहिला जुलाब किती वाजता, कुठल्या जागची अळंबी. यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या एकदा ठीक आल्या म्हणून घरी येऊ नका; दोन दिवस त्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला डॉक्टरांना चोवीस तास मिळतो.

आणि घर आवरणाऱ्याला बजावून ठेवा की भाजीचे पातेले घासू नये. उरलेली भाजी डब्यात, कच्ची राहिलेली अळंबी बुडासकट कागदात गुंडाळून सोबत न्या. कच्ची उरलीच नसेल तर कुणाला तरी त्याच बांधावर खुरपे घेऊन पाठवा, मातीसकट एक उकरून आणायला.