मलाखीचं आठवं वचन सांगता, पाचवं का गाळता?

दशमांशाबद्दलचा, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला देण्याबद्दलचा, एक संदेश विश्वासणाऱ्यांच्या गटांमध्ये पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द थोडे बदलतात, दावे तेच: दशमांश न देणारा देवाला लुटतो आणि शापाखाली राहतो; पेराल त्याच्या शंभरपट मिळेल; तंगी हटत नसेल तर विश्वास कमी आहे; आणि दिलेल्या पैशाचं पुढे काय होतं हे विचारू नये. प्रत्येक दाव्याला एक वचन जोडलेलं असतं, म्हणून वाचणारा गप्प बसतो. वचनं खरीच आहेत. त्यांच्या मागची-पुढची वाक्यं तेवढी कापलेली आहेत.

‘दशमांश न देणारा देवाला लुटतो.’

आधार जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा, मलाखी ३:८-१०. पण त्याच अध्यायाच्या पाचव्या वचनात देव कोणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो? मजुराची मजुरी अडवणारे, विधवा आणि अनाथांना छळणारे, परक्याचा हक्क बुडवणारे. मलाखीतलं भांडार म्हणजे यरुशलेमच्या मंदिरातली कोठारं. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला इतरांसारखं वतन नव्हतं, म्हणून गणना १८ मध्ये दशमांश त्यांना लावून दिला. तो थांबला तेव्हा लेवी आणि गायक सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले, असं नहेम्या १३ सांगतं. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून (अनुवाद या पुस्तकात, १४:२८-२९). त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे: मंदिर लांब असेल तर दशमांश विकून पैसे न्यावेत, तिथे मनाला येईल ते विकत घ्यावं आणि घरच्यांसह देवासमोर आनंदाने जेवावं. हे वचन त्या संदेशात मला अजून दिसलेलं नाही.

‘येशूनेही दशमांश सोडू नका म्हटलं,’ हे उत्तर येतं, आणि ते टाळण्यासारखं नाही. मत्तय २३:२३ मध्ये तो पुदिन्याचा दशमांश देणाऱ्या शास्त्री-परूश्यांना न्याय, दया आणि विश्वास आठवून देतो. दशमांश चूक होता असं म्हणत नाही. पण ते लोक मोशेच्या नियमशास्त्राखाली होते आणि मंदिर उभं होतं. प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर मोजक्याच गोष्टींचं ओझं ठेवलं, त्यांत दशमांश नाही. प्रेषित पौलाच्या एकाही पत्रात दहाव्या हिश्श्याची मागणी नाही. इ.स. १५५च्या सुमारास जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक लिहितो की ज्याची ऐपत आणि इच्छा आहे तो स्वतः ठरवेल तेवढं देतो, आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परके यांना मदत होते. न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी ५८५ साली आजच्या फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मसभेने दिली.

कोणी आपल्या मनाने दहावा हिस्सा द्यायचं ठरवलं तर चांगलीच सवय. श्रीमंताला तो कमीही पडेल. येशूला भेटलेल्या श्रीमंत जकातदार जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली होती.

‘पेराल त्याच्या शंभरपट मिळेल.’

मार्क १०:३० मध्ये शंभरपट आहे खरं. त्या यादीत घरं आणि शेतं आहेत, तशा बहिणी आणि आयाही आहेत, आणि सोबत छळ आहे. शंभर आया कोणी मागत नाही. हे मंडळीच्या कुटुंबाबद्दल आहे, हे सगळ्यांना कळतं. शेतांपाशी आलं की कळेनासं होतं. त्याआधीच्या प्रसंगात येशू श्रीमंत माणसाला सगळं विकून गरिबांना द्यायला सांगतो, स्वतःच्या थैलीत टाकायला नाही. पेरणीचं वचन २ करिंथ ९ मधलं. ती वर्गणी यरुशलेममधल्या गरिबांसाठी होती, पौलाच्या खर्चासाठी नव्हे. लगेच पुढे तो म्हणतो, जबरदस्तीने देऊ नका.

‘तंगी म्हणजे विश्वासाची कमतरता.’

सगळ्यांत क्रूर दावा हाच, आणि खोडायला सगळ्यांत सोपा. मासेदोनियाच्या मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या आणि पौल त्यांचंच उदाहरण देतो. प्रकटीकरणात स्मुर्णाची मंडळी दरिद्री असून तिला दोष लागत नाही. फटकार पडते ती ‘आम्ही श्रीमंत आहोत’ म्हणणाऱ्या लावदिकीयाला.

‘पाळकाला हिशेब विचारू नये.’

इथे ‘माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका’ हे स्तोत्र १०५ मधलं वचन पुढे केलं जातं. ते राजांना उद्देशून आहे, परमुलखात भटकणाऱ्या पूर्वजांना त्यांनी अपाय करू नये म्हणून. जमाखर्चाशी त्याचा काय संबंध? संदेष्टा शमुवेल तर सगळ्या लोकांपुढे उभा राहून विचारतो, मी कोणाचा बैल घेतला, कोणाचं गाढव घेतलं, सांगा (१ शमुवेल १२:३). नहेम्याने कोठारांवर विश्वासू म्हणून नावाजलेली माणसं नेमली. पौल वर्गणी एकट्याने नेत नाही. तुम्ही पसंत कराल त्यांनाच पाठवतो, म्हणतो, आणि एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोट ठेवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला भाऊ सोबत घेतो (२ करिंथ ८:१९-२१).

पाळकाला नीट पगार मिळावा, यात वाद नाही. कामकरी मजुरीला पात्र आहे, असं पवित्र शास्त्रच म्हणतं. म्हणून तर पगाराचा आकडा लपवण्याचं कारण उरत नाही. वर्षभरात किती जमा झालं, पगारावर किती गेलं, इमारतीवर किती, गरजूंना किती, खात्यावर सह्या कोणाच्या आणि त्या एकाच घरातल्या आहेत का, हे प्रश्न मंडळीच्या वार्षिक सभेत मोठ्याने विचारावेत, आणि उत्तरं कागदावर मागावीत.