'1600 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही': मेसेजमधलं खरं किती, खोटं किती

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रुपांवर हा मेसेज पुन्हा फिरतोय: "खुशखबर! 1600 स्क्वेअर फुटांपर्यंत घर बांधायला कोणाचीच परवानगी लागत नाही. 3200 पर्यंत 10 दिवसांत नाही दिली तर मिळाली समजा. एन.ए. ची गरज नाही. नगरपालिका, ग्रामपंचायत कोणी अडवू शकत नाही. घरपट्टी लावा, मीटर घ्या, घर कायदेशीर."

मेसेज हवेतून आलेला नाही. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली (यूडीसीपीआर) लागू झाली. तिच्यात छोट्या प्लॉटसाठी सवलत आहे, आणि ती खरंच कामाची आहे. मेसेजवाल्याने सवलत ठेवली आणि अटी तेवढ्या गाळल्या.

"1600 स्क्वेअर फुटांपर्यंत घर"

घर नाही, प्लॉट. नियमात 150 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड म्हटलंय. 150 चौ.मी. म्हणजे साधारण 1614 चौ.फूट, त्यावरून 1600 चा आकडा रूढ झाला. आपल्याकडच्या ले-आउटमध्ये 30 बाय 50 चा प्लॉट सर्रास असतो. तो 139 चौ.मी. भरतो, म्हणजे सवलतीत बसतो. 30 बाय 60 चा भरतो 167 चौ.मी. त्यावर तुम्ही 900 फुटांचंच घर बांधा, तरी 150 च्या गटात येत नाही. तो 150 ते 300 च्या गटात जातो. कोपऱ्यावरच्या प्लॉटवाल्यांनी तर आधी उतारा बघावा, तिथे तिरकस बाजूमुळे क्षेत्र हमखास वेगळं निघतं.

याच गैरसमजातून दुसरी चूक होते: 1600 फूट मोकळे मिळाले असं समजून प्लॉटभर स्लॅब. दाट वस्तीबाहेर अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) 1.10 आहे. 139 चौ.मी. च्या प्लॉटवर तो होतो 153 चौ.मी., सगळे मजले मिळून. त्यावर अधिमूल्य भरून 60 टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी (म्हणजे पूरक) एफएसआय घेता येतो, पण तो नकाशात दाखवून, पैसे भरून. पुढचं, मागचं, बाजूचं अंतर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे सोडावंच लागतं. गावठाणात जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर पाडून बांधणाऱ्यांना अंतराची सूट जास्त आहे, पण तिथे डोकेदुखी सामाईक भिंतीची. शेजाऱ्याचं धाबं तुमच्याच भिंतीवर टेकलेलं असेल तर जेसीबी लावण्याआधी त्या धाब्याला टेकू द्या आणि शेजाऱ्याची लेखी संमती घ्या.

"कोणाचीच परवानगी लागत नाही"

लागत नाही ती अधिकाऱ्याची छाननी. कागद द्यावेच लागतात: मालकीचा उतारा (सातबारा किंवा मिळकत पत्रिका), मंजूर ले-आउटची प्रत, बांधकामाचा नकाशा, आणि आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याचा नकाशा नियमात बसतो असा दाखला. सोबत विकास शुल्क आणि, लागू असेल तर, बांधकाम खर्चाच्या 1 टक्का कामगार उपकर. हे भरल्याची पावती हीच तुमची परवानगी. पावती नाही तर सवलतही नाही.

म्हणजे छाननीची जबाबदारी कार्यालयाकडून उचलून मालक आणि अभियंत्याच्या गळ्यात घातली आहे. पूर्वी नकाशा चुकला तर टेबलावरून परत यायचा. आता चूक कळते स्लॅब टाकल्यावर. म्हणून दोन-तीन हजार वाचवायला सहीपुरता अभियंता धरू नका. जो जागेवर येऊन टेप लावत नाही, त्याच्या दाखल्यावर घर बांधणं धोक्याचं.

नकाशे ऑनलाइन दाखल करायच्या बीपीएमएस प्रणालीत प्रकरण अडकतं ते बहुतेक साध्या कारणांनी. नकाशातली प्लॉटची हद्द बंद झालेली नसते, रेघांना चुकीचा लेयर दिलेला असतो, किंवा नकाशातलं क्षेत्र आणि उताऱ्यावरचं क्षेत्र जुळत नाही. शेवटच्या कारणावर इलाज एकच: भूमी अभिलेखची मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) काढणं. आणि उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद. हे सगळं पायाची लाइन टाकण्याआधी उरकायचं.

"एन.ए. ची गरज नाही"

सगळ्यात जास्त नुकसान या एका ओळीने होतं. महसूल संहितेप्रमाणे विकास आराखड्यातल्या रहिवासी क्षेत्रात, किंवा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत, वेगळ्या अकृषिक परवानगीसाठी हेलपाटे मारावे लागत नाहीत. पण सरकारकडे काही रक्कम भरावी लागते का, ते तहसील कार्यालयात आधी विचारा. जमीन भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवर दिलेली, परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर आधी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि लागू असलेला नजराणा (सरकारला भरायची रक्कम). उताऱ्यावर भोगवटादार वर्ग लिहिलेला असतो. तो रकाना न वाचताच लोक टोकन देतात.

नंदुरबार जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, तसंच शिरपूर, चोपडा, यावलच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात महसूल संहितेचं आणखी एक कलम आडवं येतं: 36-अ. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. तसा व्यवहार झाला असेल तर प्लॉट 1000 फुटांचा असला तरी यूडीसीपीआरची सवलत उपयोगाची नाही, कारण मुळात मालकीच नाही.

गुंठ्याने घेतलेल्या प्लॉटचंही तसंच. शेतातला एक-दीड गुंठा नोटरीवर घेतला, ले-आउट मंजूर नाही, रस्ता फक्त विकणाऱ्याच्या तोंडी. अशा जागेवर थेट पावती फाडून काम सुरू करता येत नाही. आधी गुंठेवारी नियमितीकरणात (असे तुकड्यांचे प्लॉट अधिकृत करून घेण्यात) ती बसते का ते पाहा. 2001 च्या गुंठेवारी कायद्याची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली आहे, म्हणजे त्या तारखेपर्यंत पडलेले प्लॉटच त्यात येतात.

"कोणी अडवू शकत नाही"

नदी अडवते. 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरीचं पाणी वस्तीत शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. पूररेषा आखलेल्या असतील तर नदीकाठ ते निळी रेषा (वारंवार येणाऱ्या पुराची हद्द) या पट्ट्यात घर बांधता येत नाही; निळी आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची हद्द) रेषेच्या मध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 45 सेंटिमीटर वर. भुसावळसारख्या गावात रेल्वे हद्दीपासून 30 मीटरच्या आत असाल तर रेल्वेचा ना-हरकत दाखला लागतो. हायवेलगतच्या प्लॉटला इमारत रेषा (रस्त्यापासून किती आत बांधायचं ती हद्द) वेगळी, आणि आराखड्यात प्लॉटवरून रस्ता किंवा आरक्षण गेलंय का हे झोन दाखल्यावर कळतं. तो दाखला नगरपालिकेत थोड्या फीमध्ये मिळतो. सर्वात आधी तोच काढा.

"10 दिवसांत नाही दिली तर मिळाली समजा"

150 ते 300 चौ.मी. साठी 10 दिवसांची मुदत आहे, पण ती पूर्ण कागद आणि भरलेल्या शुल्कानंतर मोजायची. मानीव (मिळाली असं मानायची) परवानगी नगररचना कायद्याच्या कलम 45(5) मध्ये आहे, ती 60 दिवसांनंतर, आणि बांधकाम नियमात तंतोतंत बसत असेल तरच. नसेल तर ते अनधिकृतच धरतात. कलम 52 खाली शिक्षाही आहे.

"घरपट्टी लावा, मीटर घ्या"

घरपट्टी अनधिकृत घरालाही लागते, उलट शास्तीसकट लागू शकते. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हे कर आकारणीचं रजिस्टर आहे. त्यावर नाव आलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि बांधकामही अधिकृत होत नाही. मीटरचा आधारही आता डळमळीत आहे. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वीज-पाण्याची जोडणी भोगवटा किंवा पूर्णत्वाचा दाखला पाहूनच द्यावी आणि बँकांनीही तो तपासूनच इमारतीवर कर्ज द्यावं, असे निर्देश दिले आहेत.

मेसेज वाचून काम सुरू केलं असेल आणि अजून जोत्यापर्यंतच असाल, तर तिथेच थांबा. अभियंत्याकडून जागेवरच्या मापांचा नकाशा करून घ्या, सुटलेली अंतरं तपासा, आणि दंडासह नियमित करण्याचा अर्ज द्या. जेवढं नियमात बसतं तेवढंच नियमित होतं. जोतं अर्धा मीटर आत घेणं आठवडाभराचं काम आहे. स्लॅब टाकल्यावर तीच अर्धा मीटर गॅलरी ब्रेकरने तोडावी लागते.