पडलेल्यावर चाल करणं 'फुकटचं' कसं?

"समोरचा पडला की अंगावर जायचं आणि बटणं बडवायची. त्याच्या हातात काही उरत नाही. कौशल्य शून्य, सगळा छापा-काटा." फायटिंग गेम्समधल्या ओकिझेमेबद्दल, म्हणजे उठणाऱ्यावर आणलेल्या दबावाबद्दल, हे वाक्य कोणी ना कोणी सतत फिरवत असतं.

आधी बटणं बडवण्याचं बघू. 'स्ट्रीट फायटर' सेकंदाला ६० फ्रेम्सने, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. समोरचा उठेल त्या पहिल्याच फ्रेमला तुमचा फटका चालू असायला हवा; त्यालाच मीटी म्हणतात. जरा लवकर मारलात तर तो वाया जातो, जरा उशीर झाला तर त्याचाच जॅब (झटपट हलका ठोसा) तुमच्या तोंडावर. सेफ जंप याहून नाजूक. उडी अशी मोजून घ्यायची की त्याने उठताउठता शोर्युकेन (वर उसळून मारलेला ठोसा) मारला तर तुम्ही आधीच जमिनीवर येऊन ब्लॉक करताय, आणि नाही मारला तर तुमची लाथ त्याच्यावर पडतेय. म्हणून तर जाणकार खेळाडू पाडल्यानंतर एखादा जॅब मुद्दाम हवेत मारतात. बघणाऱ्याला वाटतं हात घसरला. प्रत्यक्षात पुढची वेळ नेमकी साधायला ते फ्रेम्स जाळत असतात. आणि हे गणित प्रत्येक नॉकडाउनला निराळं.

हातात काही उरत नाही? ब्लॉक आहे, थ्रो (पकडून आपटणं) तोडणं आहे, शोर्युकेन आहे. 'टेकन' या दुसऱ्या फायटिंग गेममध्ये पडलेल्यालाही मार बसतो, पण तिथे लोळून बाजूला होता येतं.

छापा-काट्याला दोन्हीकडे सारखीच किंमत असते, इथे नसते. थ्रो खाल्ला तर थोडं नुकसान. शोर्युकेन ब्लॉक झाला तर अख्खा कॉम्बो, म्हणजे फटक्यांची सलग माळ, खायची तयारी ठेवा. म्हणून हेल्थ किती उरली, मघाशी तो काय करून उठला, यावर पुढची चाल ठरते.

तक्रारीत तथ्यच नाही असं मात्र नाही. 'स्ट्रीट फायटर ४'मध्ये काही सेटअप (पाडल्यावर आधीच ठरवून रचलेले हल्ले) कुठल्याच बाजूला ब्लॉक होत नसत, तो शुद्ध अन्याय होता. २०१४च्या 'अल्ट्रा' आवृत्तीत कॅपकॉमने, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीने, उशिरा उठण्याची सोय दिली, ओकिझेमे काढून टाकलं नाही. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये कॉर्नरमधल्या थ्रो लूपवरून (कडेला अडकवून पुन्हापुन्हा थ्रो करण्यावरून) पुन्हा तीच ओरड झाली. २०२४च्या अपडेटपासून तिथे उठतानाही ड्राइव्ह रिव्हर्सल (समोरच्याला मागे ढकलणारा प्रतिहल्ला) मारता येतो. त्यासाठी ड्राइव्ह गेज (अशा चालींवर खर्च होणारी शक्तीची पट्टी) मात्र शिल्लक हवा. आधीच सगळा उधळून बर्नआउटमध्ये गेलेल्यांना ही सोय नाही.