बसमार्ग उभारण्याची आणि उखडण्याची पुणेरी रीत

आपल्या शहरात बससाठी राखीव मार्ग असावा असे वाटत असेल, तर पुण्याचा कित्ता गिरवावा. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट मार्गावर बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतली जलद बससेवा, सुरू करून देशात पहिला नंबर पटकावला की आपले काम संपते. ती नीट चालवून दाखवण्याची कटकट तीन वर्षे मागून येणाऱ्या अहमदाबादवर सोपवावी.

थांबा रस्त्याच्या मधोमध बांधावा आणि तिथपर्यंत जिवंत पोचण्याची जबाबदारी प्रवाशाच्या कुलदैवतावर टाकावी.

मार्गिका मोकळी दिसली की तिच्यात दुचाकी घालावी. मागच्या आठवड्यात विश्रांतवाडीजवळ मी थांब्यावरून उतरून रस्ता ओलांडत असताना, बसच्या मार्गिकेतून आणि तेही उलट्या दिशेने, एक तरुण हेल्मेट कोपराला अडकवून आला, करकचून ब्रेक दाबला आणि मलाच म्हणाला, "काका, बघून चाला ना!" त्याच्यामागे आणखी दुचाक्या होत्या, त्यांच्यामागे एक मोटार होती, आणि जिच्यासाठी ही मार्गिका बांधली ती बस या सर्वांना वाट देत समोर उभी होती. संध्याकाळी हीच मंडळी कट्ट्यावर बसून 'बीआरटी पार फसली हो' असा निकाल देणार! अहो, चालू कुठे दिली तुम्ही ती?

फसली म्हटल्यावर नाव बदलावे. २०१५ मध्ये संगमवाडी-विश्रांतवाडी मार्गापासून ती 'रेनबो' झाली, पुढच्या वर्षी नगर रस्त्यावर पोचली आणि २०२३ मध्ये तिथलाच काही भाग कोंडीचे खापर फोडून उखडण्यात आला.

मग मेट्रो आणावी. ६ मार्च २०२२ रोजी वनाझ ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी असे दोन सुटे तुकडे सुरू झाले, २०२४ मध्ये गाडी भुयारातून स्वारगेटला पोचली. ती छान आहे, मीही तिने जातो. स्थानकाबाहेर पडल्यावर पुढे काय, हे मात्र विचारू नये.

आता सरळच सांगतो. मेट्रो तुमच्या सोसायटीच्या दारात येणार नाही. तिथे बसच यावी लागेल, आणि ती वेळेवर यायची असेल तर तिचा रस्ता तिला मोकळा मिळाला पाहिजे. पन्नास-साठ माणसे बसमध्ये ताटकळत असताना एकट्याची मोटार पुढे दामटायला लाज वाटली पाहिजे. महापालिकेने नवे मार्ग आखण्याआधी आहेत त्यांवर माणसे नेमावीत, दंड वसूल करावा. आणि तुम्ही, कृपा करून, ती गाडी आधी मार्गिकेतून बाहेर काढा.