आमच्या वेळचा फुटबॉल! (आणि तो वाद जिंकायचा कसा)

जगात सगळ्यात भारी फुटबॉलपटू कोण आणि कोणत्या काळचा फुटबॉल खरा, या वादात उतरायचं तर सगळ्यात आधी निकाल ठरवून टाका. पेले, मॅराडोना, मेस्सी, रोनाल्डो, ज्याचं पोस्टर तुमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं तोच ऑल टाइम ग्रेट, पुरावे काय नंतर जमवता येतात. तुम्ही आठवी ते दहावीत असताना टीव्हीवर जो फुटबॉल लागायचा तो खरा, त्याच्या आधीचा म्हणजे चालत चालत खेळायचे आणि त्याच्या नंतरचा म्हणजे पैशाने नासवलेला. एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं राव.

आता पैसा. हा हुकमाचा एक्का आहे, पण समोर कोण बसलंय ते बघून टाकायचा. तरुण पोरगं असेल तर टॉम फिनी काढा, नाव त्याने ऐकलेलं नसतं त्यामुळे तिथेच अर्धी मॅच तुमची. फिनी म्हणजे प्रेस्टनचा विंगर, इंग्लंडच्या टीममधला, आणि पोटापाण्यासाठी प्लंबिंगचा धंदा! इंग्लंडात तेव्हा फुटबॉलपटूच्या पगाराला वरची मर्यादा होती, शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड, मग तुम्ही कितीही भारी असा. १९५२ ला इटलीच्या पालेर्मोने फिनीला तगडी ऑफर दिली, प्रेस्टनचे चेअरमनसाहेब नाही म्हणाले, विषय संपला. इथे आवाज जरा जड करा आणि म्हणा, "प्रेमापोटी खेळायचे हो लोक." प्रेमापोटी खेळायचे की क्लब सोडतच नव्हता म्हणून, असं कोणी विचारलं तर पाणी प्या.

आणि १९६१ मध्ये जिमी हिल आणि खेळाडूंच्या युनियनने संपाची धमकी देऊन ती मर्यादा उडवली, मग फुलहॅमचा जॉनी हेन्स आठवड्याला १०० पौंड घ्यायला लागला, हे मात्र मध्ये आणू नका. कारण मग असं निघतं की ग्राउंड खच्चून भरायची, तिकिटाचा पैसा यायचा, फक्त तो खेळणाऱ्याला मिळत नव्हता. असलं काही निघालं की सगळा मूड जातो.

रोनाल्डो सौदीला गेला तेव्हा तुम्ही 'फुटबॉल संपला' असं स्टेटस ठेवलं असेल तर उत्तम, ते काढू नका, फक्त कोलंबियातल्या बोगोटाचं नाव कोणी घेणार नाही एवढं बघा. १९४९-५० च्या सुमारास कोलंबियाची लीग फिफाच्या बाहेर पडलेली, त्यामुळे ट्रान्सफर फी वगैरे भानगडच नाही, तगडा पगार दाखवायचा आणि माणूस उचलायचा. दि स्तेफानो असाच अर्जेंटिनातून बोगोटाच्या मिलोनारिओस क्लबला आला. इंग्लंडचा सेंटर हाफ नील फ्रँकलिन तर १९५० चा वर्ल्ड कप सोडून बोगोटाला निघून गेला, आणि त्याच वर्ल्ड कपात इंग्लंड अमेरिकेकडून १-० हरलं. फ्रँकलिन परत आल्यावर त्याच्यावर बंदी घातली. दि स्तेफानो पुढे रिअल माद्रिदला गेला, ओळीने पाच युरोपियन कप, पाचही फायनलमध्ये गोल, आणि त्याला आज कोणी पैशाच्या मागे लागलेला म्हणत नाही. म्हणजे पैशासाठी जायचंच तर सत्तर वर्षांपूर्वी जावं.

आकडे वापरायचे असतील तर अर्धेच वापरा. समजा तुम्ही मेस्सीवाले आहात. १९८७-८८ ला मॅराडोना इटलीच्या लीगमध्ये टॉप स्कोअरर होता, गोल किती, तर १५. मेस्सीने स्पेनच्या लीगमध्ये, म्हणजे ला लीगात, २०११-१२ च्या एका सीझनमध्ये मारले ५०. भागाकार करा, मेस्सी तिपटीहून भारी, चहा मागवा. समोरचा खवचट निघाला तर म्हणेल की अहो तेव्हा 'सेरी आ'मध्ये, म्हणजे त्या इटलीच्या लीगमध्ये, ३० मॅच असायच्या, क्लबला परदेशी खेळाडू दोन-तीनच घेता यायचे, त्यामुळे भारी माणसं सगळीकडे विखुरलेली, ब्राझीलच्या झिकोसारखा माणूस उदिनेसेसारख्या छोट्या क्लबात खेळून गेला. आणि तुमच्या त्या स्पेनमध्ये तेव्हा प्रत्येक क्लब आपापले टीव्ही हक्क विकायचा, त्यातला मोठा घास रिअल आणि बार्सिलोनाचा. म्हणून तर २०११-१२ च्या टेबलात रिअल १००, बार्सिलोना ९१ आणि तिसऱ्या नंबरचा व्हॅलेन्सिया ६१! दुसऱ्या आणि तिसऱ्यात तीस पॉइंट, रिअलचे एकट्याचे १२१ गोल, रोनाल्डोचे त्यात ४६, आणि तरी आपण म्हणायचं काय लीग होती राव.

यावर उत्तर देत बसू नका, सरळ मॅराडोनावर घसरा. मॅराडोनावाले नेहमी सांगतात की त्याने एकट्याने नापोलीला दोनदा चॅम्पियन केलं. एकट्याने! ब्राझीलचा स्ट्रायकर करेका काय नारळ फोडायला आला होता? आणि १९८४ ला मॅराडोनासाठी तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी ट्रान्सफर फी याच 'गरीब' नापोलीने मोजली होती. (तुम्ही स्वतः मॅराडोनावाले असाल तर हे शेवटचं वाक्य वाचलंच नाही असं समजा, आणि १९८३ मध्ये बिल्बाओच्या गोइकोएचिआने त्याचा घोटा कसा मोडला तेवढंच सांगत राहा.) पैशामुळे मोठ्या खेळाडूच्या शेजारी कोण उभं राहतं आणि समोर कोण, हेच बदललं त्यामुळे गोल मोजून काही कळत नाही, असलं तर चुकूनही बोलू नका, सगळे गप्प होतील आणि रात्र फुकट जाईल.

बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, मोजायचे तर मेस्सी ८, पेले ०, मॅराडोना ०. १९९४ पर्यंत तो फक्त युरोपियन खेळाडूंनाच मिळायचा हे सांगायची काय गरज? उलट पेलेवाले असाल तर १२७९ गोल एवढंच म्हणा, त्यात फ्रेंडली मॅच आणि लष्कराच्या टीमकडून मारलेलेसुद्धा धरलेत हे ज्याला माहितीये तो तसाही तुमच्याशी वाद घालत नाही.

टाइम मशीन एकाच दिशेने चालवायची असते, हे फार महत्त्वाचं. १९५८ चा माणूस आज आणायचा तर त्याला आजचे बूट, आजचा डॉक्टर, गालिच्यासारखं ग्राउंड सगळं द्यायचं. फ्रान्सच्या जुस्त फोंतेनने त्या वर्ल्ड कपात उसने बूट घालून १३ गोल मारले, आज असता तर किती मारले असते! पण आजच्या हालांडला १९६६ ला पाठवायचं तर अंगावरच्या कपड्यानिशी. पेलेला तेव्हा बल्गेरिया आणि पोर्तुगालने लाथाडून लाथाडून जायबंदी केलं, पिवळं-लाल कार्ड नाही, सबस्टिट्यूट नाही, या दोन्ही गोष्टी वर्ल्ड कपात १९७० ला आल्या. मग हालांड टिकेल का सांगा. नाहीच टिकणार, तुम्ही टिकू द्याल तर ना.

एक सूचना, शाहू स्टेडियममधून पाटाकडील-दिलबहार ही तालमींची मॅच बघून बाहेर पडलेल्या कोल्हापूरकराशी हा वाद घालायला जाऊ नका. नेमारची किंमत सांगून त्याला काडीचा फरक पडत नाही, वर तालमीच्या टीममधला कोणीतरी कसा भारी होता ते तासभर ऐकावं लागेल.

क्लबांचं तर सोपंय. १९६७ ला स्कॉटलंडच्या सेल्टिकने युरोपियन कप जिंकला तेव्हा सगळी पोरं ग्लासगोच्या तीस मैलांच्या आतली होती, हे वाक्य कुठेही चालतं. माझं विचाराल तर सगळं फिरलं ते १९९५ च्या बॉसमन निकालाने, करार संपला की खेळाडू मोकळा आणि युरोपियन युनियनमधल्या खेळाडूंवरची परदेशीची मर्यादा गेली, मग हॉलंडच्या आयाक्सची चॅम्पियन टीम बघता बघता फुटली. पण कोर्टाचा निकाल सांगून वाद जिंकलेला माणूस मी बघितलेला नाही. तुम्ही आपलं कतार म्हणा. कतारच्या पैशावरच्या पॅरिसच्या पीएसजीला मेस्सी, नेमार, एमबाप्पे एकत्र खेळवूनही चॅम्पियन्स लीग मिळाली नाही, म्हणजे पैशाने सगळं विकत मिळत नाही. मग तिघेही गेल्यावर २०२५ च्या फायनलला त्यांनी इंटरला ५-० धुतलं, म्हणजे शेवटी पैशानेच मिळालं. दोन्ही वाक्यं तयार ठेवा.

आणि पुढची सोय आत्ताच करून ठेवा, कारण बार्सिलोनाच्या लामीन यमालच्या वयाची पोरं उद्या तुमच्यासमोर बसून तिसऱ्याच कोणाचं तरी नाव घेणार आहेत. तेव्हा चष्मा वर सरकवायचा आणि म्हणायचं, "आमच्या वेळी पैसा होता कुठे हो! नेमार अवघ्या २२ कोटी २० लाख युरोत गेला, बिचारा."