मुलाच्या हाताला ऑइल लागू नये म्हणून

गोव्यातल्या तरुणांना कौशल्य शिक्षण मिळालेच पाहिजे, याबद्दल आपले दुमत नाही. तरुण फक्त शेजारच्या घरातला असावा, एवढे पथ्य पाळा.

तुमच्या मुलाने दहावीनंतर आयटीआयचे नाव काढले तर ओरडू नका. ‘मार्क बरे पडलेत ना रे तुला?’ एवढे विचारले की पुरते. फर्मागुडी, डिचोली, होंडा, पेडणे, जवळच आयटीआय आहेत हे खरे; पण देऊळ जवळ आहे म्हणून कोणी पुजारी होत नाही. त्याला बीकॉम करा आणि मग रोज सकाळी सातला आमदारांच्या अंगणात उभा करा. हेही प्रशिक्षणच. मुदत पाच वर्षांची, परीक्षा निवडणुकीच्या तोंडावर, आणि पास झाल्यास एलडीसी, म्हणजे सरकारी कारकून.

माझ्या भाच्याने ऐकले नाही. फिटरला गेला. दोन वर्षांचा ट्रेड, आणि सुरुवातीला शिकवले काय, तर लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये आवळून कानशीने घासणे! घासायचा, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, खिडकीकडे धरून बघायचा. फटीतून उजेडाची रेघ दिसली की सर एक शब्द न बोलता परत द्यायचे. कितीतरी दिवसांनी रेघ बुजली, तोवर तळहातावर फोड आले होते. सरांना विचारून तो तुकडा घरी आणला आणि टीव्हीशेजारी मांडला. आता बहीण तो दाराला लावते, वाऱ्याने आपटू नये म्हणून. दोन्ही बाजू अगदी काटकोनात. दार हलत नाही.

तुम्ही सुधारणा समितीवर असाल तर काम आणखी सोपे. पैशाची चिंता नको: केंद्राने मे 2025 मध्ये 1,000 सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी 60,000 कोटींची योजना मंजूर केली आहे. आधी पाटी बदला. मग यंत्र आणा, नारळ फोडा, फोटो काढा आणि वर प्लास्टिक घाला. पोरांनी हात लावला तर बिघडेल. शिकवणारा मात्र कंत्राटीच ठेवा, म्हणजे तोही नोकरी शोधण्याचे कौशल्य विसरणार नाही.

वेर्ण्याला किंवा कुंडईला तुमचा कारखाना असेल, तर 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा तुम्हाला ठाऊक असेलच. 30 किंवा जास्त माणसे असली की अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. घ्या की! त्यांना स्टोअरमध्ये खोकी मोजायला बसवा, मशीनपाशी फिरकू देऊ नका. वर्षभराने त्यांनी तोंड फिरवले की चहा पिता पिता सांगायला मोकळे: ‘गोंयची पोरं टिकतच नाहीत हो.’

बाकी काही होवो न होवो, चवथीच्या आदल्या दिवशी तुमचा फ्रिज बंद पडणारच. आत नारळ खोवून ठेवलेला, दूध, पाहुण्यांचे आइस्क्रीम. मेकॅनिक फोनवर ‘परवा बघतो’ म्हणेल. त्याला दादा म्हणा, भाऊ म्हणा, न्यायला गाडी पाठवा. रात्री अकराला तो आला की मागे वाकून म्हणेल, ‘कोणीतरी जरा बॅटरी धरा.’

तुम्हीच धरा. चिरंजीवांना उठवू नका. सकाळी सातला त्यांना आमदारांकडे जायचे आहे.